नाव आणि अंक : भदंत नागसेनांचे उत्तर

(परदेशीपुरा, इंदूर येथील व्याख्यान)



परदेशीपुऱ्यात एखाद्या घरी मूल जन्मले म्हणजे पाळण्याची दोरी हाती येण्याच्या आधी पंचांग हाती येते. नक्षत्र कोणते, चरण कोणता, अक्षर कोणते, हे पाहिले जाते. अश्विनीचे चार चरण म्हणजे चू, चे, चो, ला. भरणीचे ली, लू, ले, लो. अशी सत्तावीस नक्षत्रांची एकशे आठ अक्षरे अवकहडाचक्रात मांडलेली आहेत. ही चाल जुनी आहे व तीविषयी येथे तक्रार नाही. परंतु अलीकडे पंचांगाच्या जोडीला दुसरेच एक कोष्टक घरात शिरले आहे. त्यात नाव इंग्रजी लिपीत लिहावयाचे, प्रत्येक अक्षराला एकापासून नवापर्यंत अंक द्यावयाचा, बेरीज करावयाची, बेरजेची पुन्हा बेरीज करावयाची, आणि उरलेल्या एका अंकावर त्या जिवाचे भाग्य ठरवावयाचे. अंक मनाजोगा आला नाही तर नावात एखादे अक्षर वाढवावयाचे किंवा एखादे गाळावयाचे. लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, शाळेचे दाखले, सगळीकडे ही नवी अक्षरे दिसू लागली आहेत.

ह्या कोष्टकाची परीक्षा घरच्या घरीच करता येते. परदेशीपुरा हे नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. एका तऱ्हेत ‘एच’ हे अक्षर असते, दुसरीत नसते. प्रचलित कोष्टकाने ‘एच’ नसता बेरीज छप्पन होते, तिचे अकरा आणि अकराचे दोन. ‘एच’ घातला की बेरीज चौसष्ट, तिचे दहा आणि दहाचा एक. म्हणजे पाटी रंगवणाऱ्याने एक अक्षर अधिक काढले की साऱ्या वस्तीचे भाग्य चंद्राकडून सूर्याकडे जावयाचे! तेच नाव, ‘एच’ नसलेले, ‘कीरो’ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या आयरिश ज्योतिष्याच्या (१८६६–१९३६) कोष्टकात घातले तर एकेचाळीस येतात, म्हणजे पाच. कारण त्याच्या कोष्टकात अक्षरांना आठपर्यंतच अंक आहेत, नऊ हा अंक कोणत्याही अक्षराला दिलेलाच नाही. वस्ती तीच, रस्ते तेच, माणसे तीच. कोणता अंक खरा मानावा?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पाली ग्रंथात तो जवळजवळ ह्याच क्रमाने विचारलेला आहे. तेथे प्रश्न विचारणारा एक यवन राजा आहे आणि उत्तर देणारा एक भिक्षू. ग्रंथाचे नाव मिलिंदपञ्ह, राजाचे नाव मिलिंद, भिक्षूचे नाव नागसेन. पाश्चात्त्य देशांत ट्रेंकनर ह्यांनी १८८० साली ह्या ग्रंथाची मूळ पाली संहिता छापली. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट ही की १९४० साली आर. डी. वाडेकर ह्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथमालेत ती देवनागरीत सिद्ध करून दिली. आचार्य धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीच्या अध्यापनाचा जो पाया घातला, त्यावरच ही इमारत उभी राहिली.

नागसेनांचा जन्म हिमालयाच्या बाजूला कजंगल नावाच्या गावी सोणुत्तर नावाच्या ब्राह्मणाच्या घरी झाला, असे ग्रंथ सांगतो. बाळपणीच तिन्ही वेद मुखोद्गत झाले. तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून रोहण ह्या भिक्षूच्या मागून तो मुलगा निघाला. पुढे अस्सगुत्तांजवळ राहिला आणि अखेर पाटलिपुत्राच्या अशोकारामात धर्मरक्षितांजवळ त्याचे त्रिपिटकाचे अध्ययन पुरे झाले. मिलिंद म्हणजे इतिहासातला मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यास पंजाबात त्याचे राज्य होते व सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट, ही त्याची राजधानी. हा राजा वादपटू होता. पंडितांना प्रश्न घालावेत, त्यांना निरुत्तर करावे आणि मग जंबुद्वीप पोकळ आहे म्हणून हसावे, असा त्याचा नेम. नागसेनांची कीर्ती ऐकून तो पाचशे यवनांसह रथातून भेटीस आला. रथातून आला, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

राजाचा पहिलाच प्रश्न अगदी साधा होता : महाराजांचे नाव काय? अपरिचिताला प्रथम हेच विचारण्याची रीत आहे. नागसेनांनी उत्तर दिले की मला नागसेन म्हणून ओळखतात, माझे सब्रह्मचारी मला ह्याच नावाने हाक मारतात. आईबाप मुलांना नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावे ठेवतात. परंतु हे नाव म्हणजे केवळ एक खूण आहे, व्यवहार आहे, त्याच्या मागे कोणी वेगळा ‘पुरुष’ सापडत नाही. पालीत ह्या व्यवहाराला ‘पञ्ञत्ति’ असा शब्द आहे, संस्कृतात प्रज्ञप्ती.

राजाला हे फावले. त्याने सगळ्यांना साक्षी ठेवून विचारले की पुरुषच नसेल तर तुम्हांला चीवर कोण देतो, ते नेसतो कोण, शील कोण पाळतो? मग एकेक अवयव घेऊन तो विचारू लागला : केस म्हणजे नागसेन काय? नखे? दात? त्वचा? मांस? वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान? प्रत्येकाला उत्तर ‘नाही’ असेच आले. तेव्हा राजाने ठरविले की नागसेन हा नुसता शब्द आहे आणि हा भिक्षू खोटे बोलत आहे.

येथे नागसेनांनी वाद घातला नाही. त्यांनी राजाच्या सुकुमार देहाची चौकशी केली. दुपारच्या उन्हात तापलेल्या वाळूतून आलात, पायी आलात की वाहनाने? राजा म्हणाला, रथाने. मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ? आरे, धाव, जू, दांडी, कासरा, चाबूक, ह्यांतला रथ कोणता? ह्या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? की हे सगळे वगळून उरेल तो रथ? राजाला प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ म्हणावे लागले. तर मग आपण कशात बसून आलात? जंबुद्वीपाचा अधिपती खोटे बोलतो काय? पाचशे यवनांनी टाळ्या दिल्या. राजाने कबूल केले की आस, चाके, जू ह्या सर्वांच्या योगाने ‘रथ’ हे नाव व्यवहारात येते. नागसेन म्हणाले, राजाने रथ नीट ओळखला. नागसेनही तसाच ओळखावा.

हा दृष्टान्त पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्याच्या लगेच मागून येणारा प्रश्न मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तोच खरा मोलाचा आहे. राजाने विचारले की आपले वय किती? भिक्षूचे वय उपसंपदेपासून वर्षावासांनी मोजतात. नागसेन म्हणाले, सात. राजा चटकन म्हणाला, हे सात म्हणजे कोण? आपण सात आहात की ती गणना सात आहे?

नावाच्या पाठोपाठ अंक! जो प्रश्न कोष्टकवाल्याने स्वतःला विचारावयास हवा होता तो यवन राजाने भिक्षूला विचारला. त्या वेळी अंगावर सर्व अलंकार घातलेल्या राजाची सावली जमिनीवर पडली होती आणि पाण्याच्या भांड्यातही दिसत होती. नागसेनांनी तिच्याकडे बोट केले. ही सावली दिसते. राजा ती की राजा आपण? मिलिंद म्हणाला, राजा मी, सावली नव्हे. सावली माझ्यामुळे पडते. तर मग, नागसेन म्हणाले, वर्षांची गणना सात आहे, मी सात नाही. ते सात माझ्यामुळे पडलेले आहेत, सावलीसारखे.

ह्या उत्तराची दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे. अंक खोटा आहे असे नागसेन म्हणत नाहीत. सात वर्षावास झाले हे खरेच. सावलीही खरीच असते, आणि तिच्यावरून दिवस किती चढला हे कळतेही. परंतु सावली माणसामुळे पडते. सावलीला कात्री लावून माणसाची उंची कमी होत नाही, आणि सावलीला सोन्याचे पाणी चढवून माणूस श्रीमंत होत नाही.

असो. मिलिंदाचे स्वतःचे नाव घेऊन थोडी गंमत पाहू. आपल्याकडे अक्षरांवरून अंक काढण्याची कटपयादी नावाची शास्त्रशुद्ध पद्धती आहे. तीत क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ञ शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ, न शून्य. प पासून म पर्यंत एक ते पाच. य पासून ह पर्यंत एक ते आठ. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरावयाचे, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचावयाचे. ह्या रीतीने पाली ‘मिलिंद’ ह्या नावाचे पाच, तीन, आठ. उलट वाचून आठशे पस्तीस. पण राजाच्या स्वतःच्या नाण्यांवर खरोष्ठी लिपीत ‘मेनंद्र’ असे नाव आहे. त्याचे पाच, शून्य, दोन, म्हणजे दोनशे पाच. त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूला ग्रीक अक्षरे आहेत. ग्रीकांतही अक्षरे हेच अंक असत. ‘मेनान्द्रोस’ ह्या नावाच्या ग्रीक अक्षरांची बेरीज पाचशे वीस होते. एक राजा, एक नाणे, दोन बाजू, आणि दोन वेगळे अंक. पाली ग्रंथ धरला तर तिसरा. राजाची लढाई, राजाचे दान, राजाचे प्रश्न ह्यांत मात्र काडीचाही फरक नाही. (ग्रीकांना नावाऐवजी अंक सांगण्याची इतकी हौस होती की इटलीतल्या पाँपेई नगरात सापडलेल्या भिंतीवरच्या लिखाणात कोणा प्रेमिकाने आपल्या प्रियेचे नाव न लिहिता तिचा अंक तेवढा लिहिला आहे : पाचशे पंचेचाळीस. ती कोण हे गुपितच राहिले.)

नागसेन ह्या नावाचे कटपयादीने शून्य, तीन, सात, शून्य. उलट वाचून सातशे तीस. एखादा चतुर माणूस म्हणेल की हे दोन वर्षांचे दिवस झाले, ह्यात काहीतरी रहस्य आहे! अशी रहस्ये कोणत्याही अंकात सापडतात, कारण शोधणारा सापडेपर्यंत थांबत नाही. इंग्रजी अक्षरांच्या एका कोष्टकाने नागसेनांचे सव्वीस, म्हणजे आठ होतात. ह्या मंडळींच्या मते आठ हा शनीचा अंक. कीरोच्या कोष्टकाने चोवीस, म्हणजे सहा. आणि सहा हा शुक्राचा. विरक्त भिक्षूला शुक्राच्या अमलाखाली बसवणारे गणित काय कामाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोणी म्हणेल की मग कटपयादीही फोलच ठरली. तसे मुळीच नाही. ती भविष्य सांगण्यासाठी निघालेलीच नव्हती. केरळातल्या हरिदत्ताने इसवी सन ६८३ च्या सुमारास तिचा उपयोग ग्रहगणितासाठी केला. मोठमोठ्या संख्या श्लोकात बसाव्यात, पाठ व्हाव्यात, लेखकाच्या हातून अंक चुकू नयेत, एवढ्यासाठी. महाभारताचे एक नाव ‘जय’. ज म्हणजे आठ, य म्हणजे एक; उलट वाचून अठरा. अठरा पर्वे, अठरा दिवसांचे युद्ध, अठरा अक्षौहिणी. ही जुळणी ज्याला पहिल्याने सुचली त्याच्या बुद्धीला नमस्कारच करावा. पण युद्ध अठरा दिवस चालले ते ‘जय’ ह्या शब्दामुळे, असे कोणी म्हणत नाही.

ह्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या माळव्याच्या नावातच आहे. कर्नाटक संगीतात मालवगौळ नावाचा जुना राग आहे. पुढे जेव्हा ७२ मेळकर्त्यांची मांडणी झाली तेव्हा प्रत्येकाच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांतून त्याचा क्रमांक निघावा अशी सोय करण्यात आली. मालवगौळाचा क्रमांक पंधरा. म्हणून त्याच्या आधी ‘माया’ हा शब्द जोडला. मा पाच, य एक, उलट वाचून पंधरा. शंकराभरणाला त्याच कारणाने ‘धीर’ जोडले. ध नऊ, र दोन, म्हणून एकोणतीस. तोडीला ‘हनुमत्’ जोडले. ह आठ, न शून्य, म्हणून आठ. येथे नावे बदलली हे खरे. परंतु माया जोडल्याने मालवगौळाचा एकही स्वर बदलला नाही. स्वर आधी होते, क्रमांक मागून आला, आणि नाव त्या क्रमांकाचा चाकर झाले. कर्नाटकात गाणे शिकणाऱ्या मुलांचे पहिले पाठ ह्याच रागात असतात. त्यांना पंधरा हा आकडा उपयोगी पडतो, पण गळा तयार होतो तो सरावानेच.

आता पाठशाळेतल्या मंडळींच्या मनात एक शंका उभी राहील ती योग्यच आहे. आपल्या गृह्यसूत्रांत नावाची अक्षरे मोजावयास सांगितली आहेत, ते काय? आश्वलायनांनी मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे ठेवावे असे सांगितले. प्रतिष्ठेची इच्छा असेल तर दोन, ब्रह्मवर्चसाची असेल तर चार. पुरुषांची नावे सम अक्षरांची, स्त्रियांची विषम अक्षरांची. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच व्याकरण शिकण्याच्या प्रयोजनांत हे नामकरण घातले आहे. दहाव्या दिवसानंतर नाव ठेवताना घोषवर्ण आरंभी असावा, अंतःस्थ मध्ये असावा, कृदन्त असावे, तद्धित नसावे. ह्या नियमांत फलश्रुती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नियमांचा मुख्य रोख नाव उच्चारावयास गोड, अर्थाने स्वच्छ आणि कुळाला साजेसे असावे ह्यावर आहे. आणि तेच पतंजली, ज्यांच्या उदाहरणांत यवनांनी साकेताला आणि चित्तोडजवळच्या माध्यमिकेला घातलेल्या वेढ्याचा उल्लेख येतो व ज्यांचा काळ म्हणून मिलिंदाच्या आसपासचा मानतात, ते डित्थ, डवित्थ अशा यदृच्छाशब्दांचाही विचार करतात. जात, गुण, क्रिया ह्यांपैकी काहीही न सांगणारे, ठेवणाऱ्याने ठेवले म्हणून झालेले नाव. सागलातला भिक्षू आणि महाभाष्यकार एकमेकांना कधी भेटले असे नाही. पण ह्या एका मुद्द्यावर ते फारसे भांडले नसते.

ह्याहून कठीण शंका भक्तांची आहे, आणि मठाच्या भक्तांपुढे ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाव जर नुसती खूण, तर नामस्मरणाचे काय? संतांनी ज्याच्यावर सारा परमार्थ उभा केला ते नाम म्हणजे प्रज्ञप्तीच काय?

ह्या शंकेचे उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सापडते. नारद सनत्कुमारांकडे आले व आपण काय काय शिकलो त्याची यादी त्यांनी सांगितली. वेद, इतिहासपुराण, व्याकरण, नक्षत्रविद्या. आणि त्या यादीत ‘राशि’ म्हणजे गणितही आहे. एवढे असून शोक काही सुटत नाही, म्हणाले. सनत्कुमारांनी सांगितले की जे शिकलात ते सगळे नाम आहे. पण ह्यावर ते थांबले नाहीत. नामाची ब्रह्म म्हणून उपासना करा, असे त्यांनी सांगितले, आणि मग नामाहून मोठे काय, त्याहून मोठे काय, असे पायरी पायरीने ते भूम्यापर्यंत घेऊन गेले. म्हणजे नाम ही पहिली पायरी. पायरीवर पाय ठेवून वर चढावयाचे असते. पायरी किती इंच उंच आहे ह्याचा हिशेब करीत तिथेच बसणाऱ्याला मंदिरातली मूर्ती दिसत नाही.

इंदुरात दोन माणसे भेटली म्हणजे ‘राम राम’ म्हणतात. ह्या दोनदा म्हणण्याचा एक हिशेब लोक आवडीने सांगतात. व्यंजनांत र सत्ताविसावा, स्वरांत आ दुसरा, म पंचविसावा. बेरीज चौपन्न, आणि दोनदा म्हटले की एकशे आठ, एक माळ पुरी. हिशेब गोड आहे. परंतु कटपयादीने ‘राम’ ह्याचे बावन्न होतात, आणि त्याने रामाचे काही उणे होत नाही. भक्ताच्या दृष्टीने अंकाचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप समर्थांनी टाकळीस केला, असे परंपरा सांगते. तो तेरा कोटी आकडा नावातून काढलेला नाही. तो गोदावरीच्या पाण्यात उभे राहून, एकेक उच्चार करून घातलेली भर आहे. माळेतला मणी पुढे सरकला की एक. तो अंक साधकाच्या श्रमाची सावली आहे. नागसेनांचे सात वर्षावास तसेच. जो अंक माणसाने जगून मोजला तो त्याच्यामुळे पडतो. जो अंक कोष्टकात आधीच बसवलेला आहे त्याच्या मागे माणूस नाहीच.

बौद्ध वाङ्मयात अंकांची रेलचेल आहे, आणि ती सारी ह्या पहिल्या प्रकारची. अंगुत्तरनिकाय हा सबंध ग्रंथ एकापासून अकरापर्यंत अंकांनी लावलेला आहे, कारण तो मुखोद्गत करावयाचा होता. अंक हे स्मरणाचे खुंटे. खुद्दकपाठात कुमारपञ्ह म्हणून दहा प्रश्नांचे छोटे प्रकरण आहे, आणि त्याची कथा हृदयाला भिडणारी आहे. सोपाक नावाचा सात वर्षांचा मुलगा. सोपाक म्हणजे श्वपाक. समाजाने अगदी तळाशी ढकललेल्यांना लावलेला हा शब्द. बुद्धांनी त्याला विचारले : एक म्हणजे काय? मुलगा म्हणाला, सर्व प्राणी आहारावर जगतात. दोन म्हणजे काय? नाम आणि रूप. तीन म्हणजे? वेदना तीन. चार? आर्यसत्ये चार. पाच उपादानस्कंध, सहा आयतने, सात बोध्यंगे, आठ अंगांचा मार्ग, असे करीत तो दहापर्यंत गेला. ह्या उत्तरांवरच त्याला उपसंपदा मिळाली. आपला अंक कोणता, असे त्याने विचारले नाही. अंक विचारला गेला तेव्हा त्याने जगाचे सत्य सांगितले. आणि पुढे थेर झाल्यावरही त्याचे नाव सोपाक हेच राहिले. ज्या शब्दाने लोक तोंड फिरवीत तोच शब्द थेरगाथेत आदराने नोंदलेला आहे.

आपल्या मराठी घरांतही अशी नावे होती. पाठीवरची मुले वाचेनात म्हणजे दगडू, धोंडू, केरू, उकिरडा अशी नावे ठेवीत. मृत्यूने ह्याला टाकाऊ समजून सोडून द्यावे, हा त्यामागचा हेतू. जातकात ह्याच जातीची एक गोष्ट आहे. अनाथपिंडिकाचा एक बाळमित्र होता, त्याचे नाव काळकण्णी, म्हणजे करंटा, अवलक्षणी. दिवस फिरले तेव्हा तो अनाथपिंडिकाच्या आश्रयाला आला. घरात ‘काळकण्णी ऊठ, काळकण्णी बस’ असा शब्द सारखा कानी पडू लागला, तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांनी सल्ला दिला की हा अपशकुन घराबाहेर काढा. अनाथपिंडिकाने मानले नाही. एकदा तो घर ह्या मित्राच्या स्वाधीन करून गावी गेला असता चोरांनी वाडा घेरला. काळकण्णी रात्रभर जागा राहिला. शंख फुंका, ढोल वाजवा, असे ओरडत त्याने एकट्याने सबंध वाडा माणसांनी भरल्यासारखा भासवला. सकाळी चोरांनी टाकून दिलेल्या काठ्या व दगड अंगणात पडलेले होते.

येथे एक गोष्ट बाजूला सारून चालणार नाही. नाव नुसती खूण आहे हे खरे, परंतु ती खूण दिवसातून शंभरदा कानावर आदळते. सातारा जिल्ह्यात मुलाची वाट पाहून मुलगी झाली म्हणजे तिचे नाव नकोशी किंवा नकुसा ठेवण्याची चाल होती. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. ह्या मुलींनी अक्षरांची बेरीज केली नव्हती. त्यांच्या नावात शनी नव्हता. त्यांच्या नावात आईबापांचा नकार होता, आणि शाळेत हजेरी घेताना तो रोज मोठ्याने वाचला जात होता. त्यांनी नाव बदलले ते भाग्य ओढून आणण्यासाठी नव्हे, अपमान थांबवण्यासाठी. इंदुरापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवरच्या महूला २००३ साली डॉ. आंबेडकरनगर हे नाव देण्यात आले तेही अंकासाठी नव्हते. १४ एप्रिल १८९१ रोजी तेथे जन्मलेल्या एका माणसाच्या मानासाठी होते. आणि ज्या वस्तीत हे व्याख्यान होत आहे तिचे नाव? गिरण्यांच्या कामासाठी उत्तरेतून आलेल्या लोकांना इंदूरकर परदेशी म्हणत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, भोंगे गेले, त्या परदेश्यांची नातवंडे-पणतवंडे इंदूरकर झाली, मराठी-हिंदी-माळवी एका दमात बोलू लागली. पाटीवर अजून परदेशीपुराच आहे, आणि त्याने कोणाचे अडले नाही. कोणते नाव टोचते आणि कोणते टोचत नाही, हे ते वागवणाराच जाणतो. कोष्टकाला ते कळण्याचा मार्ग नाही.

जातकात ह्याविषयी एक शेवटची गोष्ट आहे. तक्षशिलेच्या एका आचार्याजवळ पाचशे शिष्य होते, त्यांत एकाचे नाव पापक. ‘पापका, इकडे ये, पापका, तिकडे जा’ हे ऐकून तो मुलगा कष्टी झाला व गुरूला म्हणाला, मला दुसरे नाव द्या. आता नागसेनांची भूमिका ज्याला पटली आहे तो म्हणेल की गुरूने त्याला तेथेच प्रज्ञप्तीचा पाठ द्यावयास हवा होता. गुरूने तसे केले नाही. मुलाचे दुःख त्याने खोटे ठरवले नाही. तो म्हणाला, जा, देशभर हिंड, तुला आवडेल ते मंगल नाव घेऊन ये; मी ते तुला देईन.

पापक वाटेचा शिधा घेऊन गावोगाव हिंडला. एका नगरात प्रेत चालले होते. मेलेल्याचे नाव जीवक. जीवक नाव असून मेला कसा, असे त्याने विचारले. लोक म्हणाले, जीवकही मरतो आणि अजीवकही. पुढे एका दारात एका दासीला मालक-मालकीण दोरीने मारीत होते, कारण तिने मजुरी आणून दिली नव्हती. तिचे नाव धनपाली. आणखी पुढे रस्त्यात एक माणूस वाट चुकून भटकत होता. त्याचे नाव पंथक. ह्या तिघांना पाहून तो परत फिरला. गुरूने विचारले, काय, नाव मिळाले? शिष्य म्हणाला, जीवक मरतो, धनपाली दरिद्री असते, पंथक वाट चुकतो. मला माझे पहिले नावच पुरे.

साताऱ्याच्या त्या मुलींनी ह्याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले असते. त्यांनी आपल्या आवडीचे नाव आणले असते, आणि तक्षशिलेच्या आचार्याने दिलेल्या शब्दाप्रमाणे तेच नाव त्यांना ठेवले असते.